आमची वाटचाल : उद्यमबागेतल्या टाक्या आणि खनिज फोडणारे जिवाणू

बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्री आणि हायड्रॉलिकवाल्यांची दाटी. त्यात आमचं शेड प्लेटिंगच्या आम्लासाठी पीपीच्या (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या) टाक्या करायचं. आता मुख्य काम जैव-ऑक्सिडेशनच्या, म्हणजे जिवाणूंकडून खनिज फोडून घेण्याच्या, ढवळटाक्यांचं आणि चाचणी कॉलमचं. सोबत कल्चर, म्हणजे वाढवलेले जिवाणूही, आम्हीच देतो.

टाकी कुणीही वेल्ड करील, खरं काम आतल्या ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स या जिवाणूचं. तो द्रावणातल्या फेरस लोहाचं फेरिक (जास्त ऑक्सिडाइझ झालेलं लोह) करतो, ते फेरिक पायराइटला (लोह-गंधकाच्या खनिजाला) फोडतं आणि परत फेरस होतं. खनिजात अडकलेलं सोनं मग ते विरघळवणाऱ्या सायनाइडच्या हाती लागतं. दक्षिण आफ्रिकेतल्या फेअरव्ह्यू खाणीत हे १९८६ पासून व्यापारी पातळीवर चालू आहे.

कल्चर ९के नावाच्या पोषक द्रावणात वाढवतो. लिटरला अमोनियम सल्फेट ३ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट प्रत्येकी ०.५, पोटॅशियम क्लोराइड ०.१, कॅल्शियम नायट्रेट ०.०१, फेरस सल्फेट ४४.२२. पीएच २ च्या आसपास, तापमान ३० अंश, विरजण (आधीचं वाढलेलं कल्चर) दहा टक्के. फेरस सल्फेट ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात) घालू नये, गाळ होतो. वेगळं विरघळवून ०.२२ मायक्रॉनमधून गाळावं. फिकट हिरवं पाणी तांबूस झालं की जमलं. तळाला पिवळट थर बसला तर पीएच चढलाय, जॅरोसाइट (लोहाचा पिवळा सल्फेट-गाळ) पडतंय. नळाचं पाणी थेट वापरलं तर क्लोरीन जिवाणू मारतं.

मोठ्या टाकीत घोडं अडतं ते हवेपाशी. एक किलो पायराइट पुरतं ऑक्सिडाइझ व्हायला जवळपास एक किलो ऑक्सिजन लागतो, म्हणून ढवळणीच्या मोटरपेक्षा ब्लोअरवर जास्त डोकं खर्च होतं. उष्णताही बरीच सुटते. ४० अंशांवर फेरोऑक्सिडन्स मागे पडतो, लेप्टोस्पिरिलम हा दुसरा जिवाणू पुढे येतो. त्यामुळे मिश्र कल्चर आणि थंड पाण्याची कॉइल दोन्ही लागतात. साध्या लोखंडाला फेरिक खाऊन टाकतं. ३१६एल स्टेनलेस स्टील चालतं, पण क्लोराइड असेल तर त्यालाही खड्डे पडतात. तिथे आम्ही एचडीपीई (जाड प्लास्टिक) किंवा एफआरपीच (काचतंतूचं प्लास्टिक) सांगतो, गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी.

सायनाइडआधी घनभाग धुऊन चुन्याने पीएच १०.५ पर्यंत न्यावाच लागतो, नाहीतर विषारी हायड्रोजन सायनाइड सुटतो. आर्सेनिक असेल तर द्रावणात लोह-आर्सेनिकचं मोल-प्रमाण तीनच्या वर ठेवतो, म्हणजे गाळ टिकतो.

चौकशी करताना सल्फाइड गंधक, आर्सेनिक, क्लोराइड आणि कार्बोनेटचे आकडे पाठवा. कॅल्शियम कार्बोनेटच्या प्रत्येक किलोमागे जवळपास तेवढंच सल्फ्युरिक आम्ल जातं. कार्बोनेट जास्त असेल तर टाकीचा भाव काढण्याआधी आम्ही आम्लाचा खर्च कळवतो.