ताजच्या दरवाजाची मागची बाजू

ताजमहालाच्या मोठ्या दरवाजातून आत शिरलेला माणूस मागे वळून बघत नाही. पांढरा घुमट दिसला की सगळ्यांचे मोबाइल वर. मीही तेच केलं असतं. पण सोबत जळगावचे आमचे सर होते. नगरपालिकेच्या उर्दू शाळेतून निवृत्त, एका डोळ्यात मोतीबिंदू, तरी हट्ट एकच: आधी दरवाजा वाचायचा.

माझं डोकं सकाळपासून फिरलेलं. खाण्याचं काही आत नेता येत नाही, म्हणून घरच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बाहेर ठेवावी लागली. त्या तणतणीत फ्रिजवर लावायचे चुंबक विकणाऱ्या एका पोराला मी जरा जोरातच हुसकावलं. सरांनी बघितलं, बोलले नाहीत.

दरवाजाच्या बाहेरच्या कमानीभोवती संगमरवरात काळ्या दगडाची अक्षरं जडवली आहेत. वर जाताना ती मोठी होत जातात, म्हणून खालून सारखी दिसतात. सुलेखनकार अमानत खान शिराझीची करामत. इथे कुराणातली ८९ वी सूरा, म्हणजे अध्याय, आहे, ‘अल्-फज्र’. सरांना ती पाठच. नजर नुसती अक्षरांवरून फिरत होती. शेवटी ‘माझ्या स्वर्गात ये’ असं बोलावणं आहे, पण त्याआधी चांगली खरडपट्टी: तुम्ही अनाथाचा मान राखत नाही, गरिबाला जेवू घालायला एकमेकांना सांगत नाही, वारशाचा पैसा मात्र गिळता. बादशहाने बेगमेच्या मकबऱ्याच्या दारावर हे घ्यावं!

कमान ओलांडली आणि सरांनी मला खांद्याला धरून उलटं फिरवलं. ताजकडे पाठ. बागेकडच्या या बाजूला ९३, ९४ आणि ९५ या छोट्या सूरा आहेत. ९३ वी ‘अद्-दुहा’. पैगंबरांना वही, म्हणजे देवाचा संदेश, येणं मध्यंतरी थांबलं होतं, देवाने आपल्याला टाकलं की काय असं वाटू लागलं, तेव्हाची ही, असं मानतात. तुझ्या पालनकर्त्याने तुला सोडलेलं नाही. तू अनाथ होतास, त्याने आसरा दिला ना? पैगंबरांचे वडील जन्माआधीच गेले, आई सहाव्या वर्षी.

म्हणजे अनाथ दोन्ही बाजूंना आहे. बाहेर त्याच्यावरून दटावणी, आत त्याच्याच तोंडावरून हात.

“ही उधारी आहे,” सर म्हणाले, “पण फेडायची दुसऱ्याला.” पुढच्या दोन आयती, म्हणजे सूरेतल्या ओळी, त्यांनी सावकाश म्हटल्या: म्हणून अनाथाला दडपू नकोस, मागणाऱ्याला झिडकारू नकोस.

११४ पैकी ११३ सूरा ‘रहमान’ आणि ‘रहीम’ या देवाच्या नावांनी सुरू होतात, दोन्हींचा अर्थ दयाळू. अरबीत गर्भाशयाचा शब्दही त्याच धातूचा, हे सरांनी जाता जाता सांगितलं. मला रात्रीचं बुऱ्हाणपूर स्टेशन आठवलं. गाडी तिथे थांबली होती. १६३१ साली मुमताज तिथेच चौदाव्या बाळंतपणात गेली.

“पण सर, ते पोरगं मागत नव्हतं, विकत होतं.”

“आयतीतला शब्द ‘साइल’. मागणाराही साइल, विचारणाराही साइल. सकाळपासून तू किती प्रश्न विचारलेस, मोजलेस?”

मागून कुणीतरी फोटोसाठी बाजूला व्हा म्हणालं. आम्ही दोन पावलं सरकलो, आणि ९५ व्या सूरेच्या आरंभी अंजिराची शपथ का, ते मी विचारलं.