स्कूटर चढावर दमते? ‘पूर्ण किट’ घेण्याआधी कव्हर उघडा

पणजीत आल्तिन्योच्या चढावर डबलसीट स्कूटर नुसती ओरडते, पुढे काही सरकत नाही. गॅरेजमध्ये उत्तर ठरलेलं: बेल्ट, रोलर, क्लच (इंजिनाचा जोर मागच्या चाकाला पोचवणारे भाग), सगळं किट टाकू. बऱ्याचदा गेलेला असतो त्यातला एकच भाग. पैसे वाचतात ते तो नेमका कोणता हे ओळखण्यात, स्वस्तातला डुप्लिकेट बेल्ट घेण्यात नाही. बेल्ट कंपनीचाच घ्या. तो रस्त्यात तुटला तर ढकलत न्यावी लागते.

आधी लक्षण बघा. सुटताना गाडी थरथरते आणि वेग घेतल्यावर शांत होते, तर बेल्टकडे बघूही नका. क्लच शू (अस्तर लावलेले तुकडे) आणि ते ज्यावर घासतात ती बाहेरची वाटी, म्हणजे बेल, यांच्यावर चकाकी चढलेली असते. इंजिनाचा आवाज चढतो पण वेगाचा काटा चढत नाही, तर बेल्ट घसरतोय किंवा शूवर ग्रीस आलंय. आयडलला डावीकडून खडखड आणि पिकअप अडखळत, तर संशय रोलरवर, म्हणजे इंजिन जोरात फिरलं की बाहेर सरकून बेल्टला पुढच्या पुलीच्या काठाकडे चढवणाऱ्या वजनांवर.

डावं कव्हर 8 च्या गोटी पान्ह्याने निघतं. बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागचा बोल्ट त्या जागी टोचून ठेवा. आतली काळी भुकटी हवेने उडवू नका, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा.

काही सोडण्याआधी पुढच्या पुलीच्या उतारावर मार्करने मध्यापासून काठापर्यंत एक रेघ ओढा, कव्हर लावा आणि मोकळ्या रस्त्यावर, मर्यादेत बसेल तिथे, थोडा वेळ पूर्ण थ्रॉटल द्या. परत उघडल्यावर रेघ जिथवर पुसली गेली तिथवरच बेल्ट चढतो. काठाजवळ बरीच रेघ शिल्लक असेल तर बेल्ट झिजून अरुंद झालाय किंवा रोलर चपटे होऊन मध्येच अडकतायत. बेल्टची रुंदी व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) मोजा आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडा. दातांच्या मुळाशी भेग दिसली तर मोजायचीही गरज नाही.

पुढचा नट सोडताना पुली धरायला होल्डरच हवा. फॅनच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवायची सवय अनेक मेस्तांना (मेकॅनिकना) आहे. पातं तुटलं की पूर्ण फेस (पुलीची ती बाजू) बदलावा लागतो. वेल्डिंगवाल्याकडून पट्टीचा होल्डर करून घेतला तरी चालतो. व्हेरिएटर (पुढच्या पुलीचा रोलर बसलेला, सरकणारा भाग) बाहेर काढताना मागची रॅम्प प्लेट, म्हणजे रोलरांना टेकणारी उतरती चकती, दाबून धरा, नाहीतर रोलर आतल्या आत घरं सोडतात आणि तसंच बसवलं तर प्लेट तिरकी बसते.

बहुतेक 110-125 सीसी स्कूटरना सहा रोलर असतात. एकावर जरी सपाट डाग दिसला तरी सहाही बदला. चढासाठी ट्यूनिंग करायचं तर हाच सगळ्यात स्वस्त मार्ग. रोलर हलके केले की गाडी खालच्या रेशोत (जणू खालच्या गिअरमध्ये) जास्त वेळ राहते आणि चोर्ला घाटात जोर मिळतो; पण सपाट रस्त्यावर इंजिन जास्त फिरतं, पेट्रोलही जास्त पितं. एकदम मोठी उडी नको. समजा मूळचे 13 ग्रॅमचे सहा, म्हणजे 78 ग्रॅम. त्यात तीन 12 चे एकाआड एक बसवले की 75. तेवढा फरकसुद्धा जाणवतो. वजनाची खात्री नसेल तर सोनाराच्या काट्यावर टाका. रोलरला ग्रीस लावायचं नाही. तांबडी धूळ त्यात मिसळली की पॉलिश पेस्टच तयार होते.

जोडताना हमखास फसगत होते ती एका जागी. मागच्या पुलीचे दोन्ही फेस हाताने फाकवून बेल्ट आत खोल दाबा, म्हणजे पुढे ढील मिळते. ती नसेल तर पुढचा फेस बेल्टवर टेकतो, शाफ्टवरच्या बुशपर्यंत (मधल्या नळीपर्यंत) पोचतच नाही. नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण तो बेल्टच चिमटलेला असतो. गाडी चालू झाली की बेल्ट जागेवर जातो, नट सैल पडतो आणि शाफ्टचे दाते जातात. म्हणून नट आवळताना मधूनमधून बेल्ट हाताने हलवून पाहा, आणि शेवटचा आवळ मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) द्या. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने.

थरथरीसाठी शू आणि बेल 100 नंबरच्या एमरी पेपरने आडव्या हाताने घासा, चकाकी जाईपर्यंतच. अस्तर मर्यादेखाली गेलं असेल तर घासण्यात अर्थ नाही. पावसात पाण्यातून गाडी काढल्यावर सकाळी सुटताना चर्र आवाज आला, तर तो बेलवरचा गंज. थोडं चालवल्यावर जातो. रोजच येत असेल तर कव्हरचं गॅस्केट बघा.

मागचा क्लच मात्र घरी पूर्ण खोलू नका. मोठ्या नटामागे स्प्रिंग दाबलेली असते, नट सुटला की ती अंगावर येते. ती असेंब्ली हातात घेऊन क्लॅम्प असलेल्या गॅरेजमध्ये जा, फक्त मजुरी द्या आणि पिनांना थोडं ग्रीस, नवे ओ-रिंग आणि ऑइल सील एवढंच सांगा. ग्रीस जास्त झालं तर ते फेकलं जाऊन शूवरच येतं.