गोल्फचा हँडिकॅप काढला त्याची गोष्ट

मार्केट हार्बरो हे लेस्टरशायरमधलं बाजाराचं गाव. मधोमध लाकडी खांबांवर उभी असलेली 1614 सालची शाळा, तिच्याखाली पूर्वी लोणीबाजार भरायचा. लेस्टर सोडून इकडे राहायला आलो आणि गोल्फच्या नादाला लागलो.

'आधी नीट खेळायला शीक, मग हँडिकॅपचं बघ,' असं पुण्याहून दादा फोनवर म्हणाला. हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी जादा फटक्यांची सूट. पण हँडिकॅपची खरी गरज नवख्यालाच! तो 54 पर्यंत मिळतो, त्यामुळे माझ्यासारखा माणूसही मुरलेल्या खेळाडूशी बरोबरीने खेळू शकतो. क्लबचं सभासदत्व नको असेल तर इंग्लंड गोल्फची 'आयगोल्फ' योजना आहे. मी क्लबच धरला, कारण सोबत खेळायला माणसं हवी होती.

हँडिकॅप मिळवायला एकूण 54 होल्सची (बॉल घालायच्या खळग्यांची) स्कोअरकार्डं द्यायची. सलग 18 खेळा नाहीतर 9-9 करून पुरे करा. मी ऑफिस सुटल्यावर 9 चीच जास्त खेळलो. फेरी सुरू करण्याआधी ॲपवर नोंद करायची, आणि स्कोअर लिहायला सोबत मार्कर हवा. माझे मार्कर एक निवृत्त आजोबा. मित्रांत होलपासून वीतभर राहिलेला बॉल आपण 'जाऊ दे, झाला' म्हणून उचलतो. ते मात्र 'घाल आत' म्हणून बॅगेला टेकून शांतपणे वाट बघायचे. दया एवढीच, की पारपेक्षा, म्हणजे त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, 5 जास्त झाले की त्या होलचा हिशेब तिथेच थांबतो. पार 4 ला 9, बस्स.

खरा छळ मातीचा. समुद्रकाठच्या लिंक्स मैदानाखाली वाळू, पाणी लगेच मुरतं. आमच्याकडे ओक झाडांची रांग आणि खाली चिकणमाती. पावसानंतर उंच मारलेला बॉल फेअरवेत, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यात, असा रुततो की वरून फक्त पांढरी टिकली दिसते. मी तोंड वाकडं केलं तर आजोबांनी नियम सांगितला: रुतलेला बॉल उचला, पुसा आणि गुडघ्याच्या उंचीवरून शेजारी सोडा, दंड नाही. 2019 पूर्वी खांद्याच्या उंचीवरून सोडावा लागे म्हणे. बुटांना चिकटलेल्या चिखलाला मात्र कसलीच सूट नाही.

आकडा कसा निघतो? समजा कोर्स रेटिंग (शून्य हँडिकॅपवाल्या खेळाडूला त्या कोर्सवर लागतील असे फटके) 70, स्लोप 125 आणि तुमचे फटके 112. जादा 42 ला 113 ने गुणून 125 ने भागायचं, 38 येतात. तीन फेऱ्यांमधला सर्वात कमी आकडा घेऊन त्यातून 2 वजा, म्हणजे 36. कोर्स अवघड तसा स्लोप मोठा, 113 हा मधला. पुढे 20 फेऱ्या झाल्या की त्यातल्या चांगल्या 8 ची सरासरी धरतात.

माझा आकडा सांगत नाही, दादा हे वाचतो. शनिवारच्या स्पर्धेत नाव घालता येतं, एवढं पुरे.