मायचं कॉलेज आणि घरचा हिशेब

२५ एप्रिल

फीचा आकडा कागदावर लिहिला की सगळं घर त्याच्याकडेच पाहत बसतं. पण घर हलतं ते फीमुळे नाही. माय जाणार ते बी.एड., म्हणजे शिक्षक होण्याचं शिक्षण, २ वर्षांचं. वर्षाला किमान २०० दिवस, आठवड्याला ३६ तास, वर्गात ८० टक्के हजेरी आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के. म्हणजे घरची बाई सकाळी आठला निघणार आणि दिवेलागणीला परतणार. तिचे जे तास घरातून आणि वावरातून जातात, ते भरायला आपण नकळत पैसे मोजतो. बिस्किटाचे पुडे, तयार पीठ, फरसाण, मोटरसायकलची एक जास्तीची चक्कर, वेचणीला एक मजूर जास्त. फी हप्त्यानं जाते, हे रोज जातं.

शिवाय महिन्याचं बजेट आपल्याकडे चालत नाही. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला, कापसाचा त्यानंतर, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत, हरभऱ्याचा मार्चच्या पुढेमागे. आणि बियाणं, खत, पोरांच्या वह्या, गणवेश हे सगळं जूनमध्ये, त्याच्या मागोमाग कॉलेज. जून ते ऑक्टोबर हे ५ महिने कोरडे. तूर-हरभऱ्याचा पैसा हातात आहे तोवरच हा खड्डा बुजवायचा. पाच महिन्यांचा किराणा, प्रवास आणि फीचा पहिला हप्ता एवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी, मगच लग्नाच्या आहेराचा आणि टीव्हीचा विचार.

३ मे

तूर सगळी विकायची नाही. पाच माणसांच्या घरात रोज पाव किलो डाळ लागते, वर्षाला ९१ किलो. १०० किलो तुरीतून ७० किलोच्या आसपास डाळ निघते, म्हणजे १३० किलो तूर. पाहुणे धरून दीड क्विंटल ठेवावी. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दाल मिल आता बऱ्याच गावांत बचत गटांकडे आहे, तिथं भरडून घ्यावी आणि चुणी (डाळीचा उरलेला चुरा) मागून आणावी. ती जनावरांना होते. पुष्कळ जण ती गिरणीवरच सोडून येतात, मग जनावरांसाठी ढेप विकत घेतात.

साठवणुकीत एकच चूक घरोघरी होते. उन्हात तापलेलं धान्य तसंच कोठीत भरतात. रात्री गार होताना कोठीच्या आतून पत्र्याला घाम सुटतो, त्या ओलीनं बुरशी येते आणि भुंगे होतात. दोन ऊनं द्यावीत, मग सावलीत पसरून पूर्ण गार करून सकाळी भरावं. कडुनिंबाचा पाला घालायचा तर कडकडीत वाळलेला, ओलसर पाला उलटं नुकसान करतो.

पीठ एरवी १० किलो दळून ठेवलं तरी चालतं. पावसाळ्यात मात्र पंधरा दिवसांत जाळी धरते आणि अळ्या पडतात. तेव्हा ४-५ किलोच दळावं, गिरणीची एक खेप जास्त झाली तरी चालेल.

वाळवण याच महिन्यात. मूगवड्या, सांडगे, कुरड्या, शेवया. यंदा हे हौसेचं काम नाही. ऑगस्टमध्ये भाजी महाग होते आणि रात्री आठला चिरायला बसायचा वेळ नसतो, तेव्हा एक वाटी मूगवड्यांत पाच जणांचं जेवण निघतं. जवसाची चटणीही करून ठेवावी: जवस तडतडेपर्यंत भाजायचं, वाळल्या मिरच्या, मीठ. ओला लसूण त्यात कुटला तर चटणी लवकर खवट होते. लसूण हवाच असेल तर खायच्या वेळी.

एकदाच शिजवून दोन दिवस खायचं, ही शहरातली युक्ती आपल्या उन्हाळ्यात चालत नाही. पारा ४४-४५ वर असताना सकाळचं वरण संध्याकाळी आंबतं. त्यापेक्षा रात्री भाजी निवडून ठेवावी, कणीक सकाळी भिजवावी, डाळ अर्धा तास भिजवून कुकरला लावावी आणि पहिली शिट्टी झाली की आच मंद करावी. गॅस वाचतो, वेळही.

अंघोळीचं पाणी चुलीवर. पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) आणि तुराट्या (तुरीच्या काड्या) त्यासाठीच आहेत. पण पऱ्हाटीचे ढीग बांधावर पावसाळ्यापर्यंत राहू देऊ नयेत, त्यात गुलाबी बोंडअळीचे कोष राहतात आणि पुढच्या कापसाला त्याचा फटका बसतो. जाळायची तेवढी आधी जाळून संपवावी.

७ जून, मृग

प्रवासाचा हिशेब आज नीट मांडला. कॉलेज २२ किलोमीटरवर धरलं तर मोटरसायकलनं रोज ४४. लिटरला ५० किलोमीटर धरले तरी २०० दिवसांचं १७६ लिटर पेट्रोल. लिटर शंभराच्या वर आहे, म्हणजे १७,६०० च्या पुढे, टायर आणि ऑइल वेगळं.

एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत. पूर्ण भाडं ४० रुपये धरा. अर्ध्या तिकिटानं रोज येऊन-जाऊन ४०, महिन्याचे २४ दिवस भरले तर ९६०. पास साधारण ८०० ला पडतो. म्हणजे २० पेक्षा जास्त दिवस जायचं असेल तरच पास. दिवाळीच्या सुट्टीच्या आणि परीक्षेच्या महिन्यात अर्धं तिकीटच स्वस्त. बोनाफाईड हातात आल्याबरोबर आगाराच्या पास-खिडकीवर अटी विचारून घ्याव्यात.

शिष्यवृत्तीच्या कागदांना तर आजच लागायला हवं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तिथं नॉन-क्रिमिलेअर, आणि शिक्षणात पडलेल्या इतक्या वर्षांच्या खंडाचं प्रतिज्ञापत्र. महाडीबीटीचा (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) अर्ज दर वर्षी भरावा लागतो. प्रवेश केंद्रीय फेरीतूनच घ्यावा, संस्था पातळीवरच्या जागेला फी-सवलत मिळत नाही. गाडी अडते ती बहुतेक वेळा आधारशी न जोडलेल्या बँक खात्यावर. मंजूर झालेली रक्कम जमाच होत नाही. बँकेत जाऊन आधार सीडिंग झालं का, हे तोंडी नाही तर पावतीवर बघावं. आणि ही रक्कम उशिरा येते, तिच्या भरवशावर किराणा उधार आणू नये.

पोळ्याच्या आदल्या रात्री

आता पैसा संपतो. गावात जूनमध्येच सवाईनं (सव्वापट फेडीनं) १०,००० घेतले तर दिवाळीला १२,५०० द्यायचे. बचत गटाकडून महिना २ टक्क्यानं घेतले तर ५ महिन्यांचं व्याज १,०००. दोन्ही कर्जंच, पण १,५०० चा फरक आहे, आणि तो म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांचा पास. पीक कर्ज ३ लाखांपर्यंत मुदतीत फेडलं तर राज्याच्या सवलतीनं व्याज शून्य होतं. म्हणूनच त्याला फीसाठी हात लावू नये, मुदत चुकली की सवलत जाते आणि पुढच्या हंगामाचं कर्जही अडतं.

विजेचं थोडक्यात. जुना पंखा ७५ वॅटचा, रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट. बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा ३० वॅटच्या आसपास, त्याचे ११. १०० युनिटच्या वर गेलं की सगळ्याच युनिटला वाढीव दर लागतो हा गैरसमज आहे, फक्त वरच्या युनिटांना लागतो. कूलर मात्र बंद ठेवून बचत करू नये. मे महिन्यात अभ्यास करणाऱ्या माणसाला पुरेशी झोप मिळायला हवी.

दूध, अंडी आणि औषधं यांतही कपात नाही.

सीतादहीनंतर (कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा)

वेचणीचं गणित राहिलं होतं. एक बाई दिवसाला २० किलो वेचते असं धरा, दर किलोला १० धरा. घरचे हात २५ दिवस नसले तर ५,००० मजुरीत जातात. हा खर्च फीच्या बाजूला लिहायला कोणी तयार नसतं, पण लिहावा. रविवारी एकमेकींच्या वावरात पाळीनं वेचलं तर यातले थोडे वाचतात. सकाळचं दव उतरल्यावरच सुरू करावं, ओला कापूस पिवळा पडतो आणि भाव तुटतो. दहाच्या आत जायचंच नाही, तेवढे दोन तास तिला पाठ-टाचण काढायला मिळतात.