खालच्या पाइपवरचं ब्रॅकेट

तिसऱ्या फेरीनंतर डॉक्टरांनी गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर आणली, इंजिन बंद केलं आणि हेल्मेट न काढताच म्हणाले, "दादा, मागून कुणीतरी स्टिअरिंग फिरवतंय."

ट्रॅक कोइम्बतूरजवळचा, कारी मोटर स्पीडवे, लांबी २.१ किलोमीटर. गाडी कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये चौदा महिने खपून केलेली. डॉक्टर जनावरांचे. आठवडाभर गोठे फिरतात आणि रेसिंगचं वेड लहानपणापासूनचं. त्यांची अट एकच होती: जे मोडेल ते कुठल्याही तालुक्याच्या गावी स्पेअरच्या दुकानात मिळालं पाहिजे. मग मारुती ८०० सोडून दुसरं काय सुचणार? ज्यांच्या नावाचा हा ट्रॅक, त्या एस. करिवर्धन यांनीही मारुतीचंच इंजिन घेऊन एकआसनी गाड्या बनवल्या आणि रेसिंग आवाक्यात आणलं. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन, त्यानेही सुरुवात याच गाड्यांच्या शर्यतीत, फॉर्म्युला मारुतीत केली. त्या मातीत आपली गाडी उतरवायची म्हणून आदल्या रात्री टेम्पोत मला डोळा लागला नव्हता.

मागून चेपलेली एक ८०० आम्ही ३५ हजारांना उचलली होती. तिचा पुढचा अख्खा संच, म्हणजे ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, चाक ज्यावर बसतं तो हब, शॉकअप, ड्रायव्हरच्या पाठीमागे नेऊन बसवला. संचाचं तोंड मात्र पुढेच ठेवायचं. उलटा फिरवला तर पुढे जायचे गिअर गाडी मागे नेतात. चासी २५ मिमी चौकोनी पाइपची, गाडी उलटली तर डोकं वाचवणारी मागची कमान सीमलेस, म्हणजे बिनजोड पाइपची. कमानीत काटकसर नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं.

एक गोष्ट नव्याने करावी लागते. हा संच पुढे असतो तेव्हा टाय रॉड चाकं वळवतात. मागे नेल्यावर चाकं वळून चालत नाहीत, म्हणून टाय रॉडचं आतलं टोक चासीला ब्रॅकेट मारून कायमचं बांधायचं.

डॉक्टरांची तक्रार ऐकून आमच्या शेडमधले मामा म्हणाले, "टायर नवे हैत, रुळू देत." मलाही आधी हवेचाच संशय आला. हवा कमी-जास्त करण्यात आमचा तास गेला. दिवसभराच्या भाड्यातला तो तास मला अजून सलतो. शेवटी डॉक्टरांनाच विचारलं, नेमकं कुठे होतं? ते म्हणाले, "सरळ रस्त्यावर काही नाही. वळणात गाडी एका अंगाला दबते, आणि त्यात खाली उंचवटा आला की शेपूट निसटते."

ते ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

मागचं उजवं चाक काढलं, स्प्रिंग काढली. हबला ६०० मिमीची सरळ फळी बोल्टने आवळली, फळीच्या दोन्ही टोकांना ओळंबे सोडले आणि जमिनीवर खडूने खुणा केल्या. मग मामांनी हळूहळू जॅक चढवला. हब ३० मिमी वर गेला तोवर फळीच्या दोन टोकांत ११ मिमी फरक पडला होता. पुढचं टोक बाहेर, मागचं आत. ओळंबा खडूच्या खुणेवरून सरकताना मी डोळ्यांनी पाहत होतो.

चाक वर उचललं की लोअर आर्म, म्हणजे हबला खालून चासीशी जोडणारा दांडा, आणि टाय रॉड, दोघांची बाहेरची टोकं एकाच वळणाने वर गेली पाहिजेत. आमच्या गाडीत टाय रॉड चाकाच्या मागच्या अंगाला जोडलेला. त्याचं आतलं टोक हवं त्यापेक्षा खाली असेल तर वर जाताना रॉड चाकाची मागची कड आत ओढतो आणि पुढची बाहेर जाते. वळणात भार सगळा बाहेरच्या चाकावर, आणि नेमकं तेच चाक तोंड फिरवतं.

ब्रॅकेट मी स्वतः बसवलं होतं. रात्री साडेनऊला, खालच्या पाइपवर, कारण तिथे पाइप आयता होता. ड्रॉइंगपेक्षा १८ मिमी खाली. स्वस्त गाडीत पार्ट जुना चालतो, पत्रा हाताने ठोकलेला चालतो. पण सांध्याची जागा सोयीने ठरवून चालत नाही, आणि ती बरोबर धरायला एक रुपयाही जास्त लागत नाही. वळणात शेपूट सुटून डॉक्टर भिंतीवर गेले असते तर मी त्यांच्या घरी कुठल्या तोंडाने गेलो असतो?

कोइम्बतूर हे पंपांचं आणि फाउंड्रीचं गाव, आपल्या उद्यमनगरासारखंच. तासाभरात एक वेल्डर मशीन घेऊन आले. त्यांना मराठी येत नाही, मला तमिळ. मी सिमेंटवर खडूने ब्रॅकेट काढून दाखवलं, एका कानाचं, म्हणजे बोल्ट एकाच पट्टीत धरणारं. त्यांनी जॅक स्वतः खालीवर करून फळी पाहिली, मान हलवली, "अण्णा" म्हणत माझ्या हातातला खडू घेतला आणि शेजारी दुसरा कान काढला. बोल्ट दोन्ही बाजूंनी धरलेला. वर कोपऱ्यात तिरकी पट्टीही जोडली. मी घाईत एवढा विचार केलाच नव्हता. आधी वेल्डिंगचे नुसते तात्पुरते टाके मारले, पुन्हा जॅक, पुन्हा ओळंबे. फरक १ मिमी. मग पूर्ण वेल्डिंग. दुसरी बाजूही तशीच.

साडेचारनंतर गाडी ट्रॅकवर गेली. पाचला गेट बंद होणार होतं. मामा आणि मी कठड्याला टेकून नुसता आवाज ऐकत होतो. ज्या वळणात डॉक्टर सकाळी ॲक्सिलरेटर सोडत होते, तिथे आता आवाज तुटत नव्हता. सात फेऱ्या झाल्या. मग ते पिटमध्ये आले, इंजिन चालूच ठेवून हेल्मेटची काच वर केली.

"किती मिनिटं उरलीत?"

"सहा."

काच खाली ओढून ते परत गेले.