आमची वाटचाल : दुसऱ्या सर्व्हरचा आग्रह

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आम्ही सुरुवात केली ती केबल ओढण्यापासून. रॅक, पंचिंग, कॅमेरे, मिळेल ते काम. पुढे एका कारखान्याचं नेटवर्क सांभाळायला मिळालं आणि धंद्याची दिशा तिथे ठरली.

तिथला डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे प्रत्येक मशीनला नेटवर्कवरचा पत्ता देणारा सर्व्हर, एका दुपारी बंद पडला. संध्याकाळपर्यंत कुणालाच खबर नाही, कारण चालू मशीन हातातली लीज, म्हणजे पत्ता वापरायची मुदत, संपेपर्यंत तोच पत्ता वापरत राहतं. रात्रपाळी आली. जुनी लीज लक्षात न ठेवणारे हँडहेल्ड स्कॅनर चालू झाले आणि एकेकाच्या स्क्रीनवर १६९.२५४ ने सुरू होणारा, म्हणजे सर्व्हर न सापडल्यानं मशीननं स्वतःच घेतलेला, पत्ता दिसू लागला. डिस्पॅच ठप्प! इंटरनेटच्या दोन लाइन होत्या, फायरवॉलची जोडी होती. पत्ते वाटणारा सर्व्हर तेवढा एकटा.

तेव्हापासून आम्ही दुसऱ्या सर्व्हरचा आग्रह धरतो. आधी दोन सर्व्हरमध्ये पत्त्यांची ८०-२० टक्के वाटणी करायचो, पण त्यात एकाच्या लीज दुसऱ्याला कळत नाहीत. विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये फेलओव्हर, म्हणजे लीजची नोंद दोघांकडे ठेवून एकानं दुसऱ्याची जागा घ्यायची सोय, आला आणि ती अडचण सुटली. लिनक्सवाल्या ग्राहकांकडे आयएससी डीएचसीपी हा प्रोग्रॅम होता. त्याची देखभाल थांबत असल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं, तेव्हा त्यांना आयएससीच्याच कीआ या नव्या डीएचसीपी प्रोग्रॅमवर नेलं.

कीआच्या हॉट-स्टँडबाय जोडीत एक सर्व्हर पत्ते देतो, दुसरा लीजची नोंद घेत तयार राहतो. संपर्क तुटला तरी तो लगेच सूत्रं घेत नाही. किती मशीन उत्तराविना ताटकळली आहेत ते आधी पाहतो. ही मर्यादा मुळात १० असते. पंधरा-वीस मशीनच्या ऑफिसात तेवढी एकदम अडणार कधी? म्हणून तिथे आम्ही ती शून्यावर आणतो. दोन्ही सर्व्हरची घड्याळं एनटीपी या नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सोयीनं जुळवणं तर हवंच, कारण ६० सेकंदांहून जास्त फरक पडला की कीआ जोडीचं काम थांबवतो. आणि प्रत्येक व्हीलॅनवर, म्हणजे नेटवर्कच्या प्रत्येक वेगळ्या भागात, मशीनची मागणी सर्व्हरपर्यंत पोचवणाऱ्या रिलेला दोन्ही सर्व्हरचे पत्ते द्यावे लागतात. दुसऱ्यांनी केलेल्या जोडण्या तपासताना सर्वांत जास्त वेळा हेच राहिलेलं सापडतं.

काम सोपवताना मुख्य सर्व्हरची केबल ग्राहकानं स्वतः काढायची, भर कामाच्या वेळी. मग तिथलाच एखादा स्कॅनर बंद करून चालू करायचा. त्याला पत्ता मिळाला की आम्ही बिल देतो.