तुम्ही विचारलंत म्हणून: कागदावरची बोटं

"पूर्ण चित्र समोर असताना त्याआधीची कच्ची रेखाटनं कशाला बघायची?" हा नेहमीचा प्रश्न. चित्रकार कुठे अडला होता ते कळावं म्हणून.

व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपल या प्रार्थनागृहाच्या छतावर मायकेलअँजेलोने लिबियन सिबिल ही भविष्यवेत्ती रंगवली. तिच्यासाठी साधारण 1510-11 मध्ये लाल खडूने केलेलं कच्चं रेखाटन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. कागद जेमतेम 29 सेंटिमीटर उंच. छतावर बाई आहे, कागदावर मात्र पुरुष मॉडेल, तोही उघडा. कारण वस्त्राच्या चुण्या अंगावरून लोंबतात. आतला खांदा चुकला की वरचं वस्त्रही खोटं वाटतं. पाठीचा पीळ त्याने स्नायू न् स्नायू घोटून काढलाय. उरलेल्या जागेत चेहरा, हात, आणि डाव्या पायाची बोटं, पुन्हा पुन्हा. बोटंच का? जाडजूड ग्रंथ धरून ती वळते आहे, भार चवड्यावर आलाय. अंगठा नीट दाबला गेला नाही, तर एवढं मोठं शरीर तरंगायला लागेल. छतावर रंग द्यायचा तो ओल्या गिलाव्यावर, आणि तो त्याच दिवशी रंगवून व्हायला हवा, त्यामुळे हा घोळ कागदावरच निस्तरणं भाग होतं.

म्हणून आधी बघायचं ते काय गिरवलंय आणि काय नुसतं सोडून दिलंय. सोडलेलं बहुधा चित्रकाराला येतच होतं. मग उजेड बाजूने, तिरका पाडायचा. त्याच काळातला चित्रकार राफाएल आधी बोथट टोकाने, रंगाविना रेघा दाबून घ्यायचा. त्या खाचा समोरच्या उजेडात जवळजवळ दिसतच नाहीत, छापील चित्रात तर नाहीच नाही.

चौकटी आखलेल्या असतील तर शोधाशोध संपून मोठं करायचं काम सुरू झालेलं असतं: कागदावरचा 2 सेंटिमीटरचा चौकोन भिंतीवर 20 चा. बाह्यरेषेवर टाचणीची भोकं असतील तर तो खाका; त्यातून कोळशाची पूड थापटून आकृती उतरवत. पण चौकटी नंतर कुणी नक्कल करणाऱ्यानेही आखलेल्या असू शकतात, तेवढ्यावर भुलू नये.

रेखाटन चित्राशी रेघ न् रेघ जुळत असेल तर मला आधी शंका येते. ती चित्रावरून केलेली नक्कल असू शकते. नक्कल करणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं, त्यामुळे त्याची रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची, बिनघोर जाते. एकाच हाताला दोन कोपरं दिसली, एक पुसट आणि एक ठसठशीत, तर तिथे जरा जास्त वेळ थांबा.